बारा वाजता रूम का सोडायची? लेट चेकआउटचा सरळ हिशेब

मुंबईहून सोलापूरला येणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस सीएसएमटीवरून रात्री साडेदहानंतर सुटते. हॉटेलची रूम मात्र दुपारी बाराला सोडायची असते, काही ठिकाणी अकरालाच. मधले दहा-अकरा तास माणूस बॅग सांभाळत फिरतो. चादरी, टॉवेल, शाळेचे गणवेश यांच्या ऑर्डरींसाठी आणि वसुलीसाठी मुंबई, पुणे, हैदराबादच्या फेऱ्या मारणाऱ्या सोलापूरकराला हे तास चांगलेच ओळखीचे आहेत. मे महिन्यात मुंबईच्या मंगळदास मार्केटमधल्या तीन-चार पार्ट्यांना भेटून आल्यावर अंघोळ करायला, कपडे बदलायला जागा नसणं ही किरकोळ गोष्ट नाही. त्याच शर्टात पुढे रात्रभराचा प्रवास करायचा असतो.

मोठ्या हॉटेल कंपन्या यातले दोन ते चार तास नेहमीच्या गिऱ्हाइकाला जादा पैसे न घेता देतात. हेच लेट चेकआउट. कंपनीच्या मेंबरशिपमध्ये वर्षभरात ठरावीक रात्री राहिलात की तुमची पायरी चढते आणि पायरीनुसार रूम सोडायची वेळ पुढे सरकते. ऐकायला सोपं आहे. पण कोणाला ही सवलत हक्काने मिळते, कोणाला फक्त विचारता येते, आणि एकाच कार्डावर पुण्यात मिळालेली सवलत गोव्यात का नाकारली जाते, हे रिसेप्शनवर कोणी समजावून सांगत नाही. टॉवेलच्या धंद्यामुळे माझं हॉटेलांच्या हाउसकीपिंग खात्याशी सतत बोलणं होतं, त्यामुळे काउंटरच्या पलीकडे काय चालतं ते थोडंफार माहीत आहे. ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

बारा आणि दोनच्या मध्ये काय घडतं

हॉटेल रूम विकतं ती रात्रीच्या हिशेबाने. आज रात्री रिकामी राहिलेली रूम म्हणजे पंढरपूरला रिकामी निघून गेलेली एसटीची सीट, ती उद्या पुन्हा विकता येत नाही. म्हणून रोजची रूम रोज भरायची ही हॉटेलची धडपड असते. आजचा पाहुणा निघाल्याशिवाय उद्याच्याला ती देता येत नाही, म्हणून मध्ये दोन-तीन तासांची फट ठेवतात. बाहेर पडायचं अकरा किंवा बाराला, आत यायचं दोन किंवा तीनला.

त्या फटीत बरंच काम बसवलेलं असतं. पलंगावरचं सगळं काढायचं, नवीन चादरी-खोळी घालायच्या, बाथरूम घासून कोरडं करायचं, टॉवेलचा संच बदलायचा, चहा-कॉफीचा ट्रे भरायचा, मिनीबार मोजायचा, आणि शेवटी सुपरवायझरने तपासून रूम ‘तयार’ म्हणून कॉम्प्युटरवर टाकायची. तोवर रिसेप्शनला ती रूम कोणालाच देता येत नाही. पाहुणा मुक्कामी असताना रूम आवरणं लवकर होतं, पण निघून गेलेल्याची रूम पुन्हा नव्यासारखी करायला अर्धा ते पाऊण तास लागतो. एका माणसाच्या वाट्याला एका पाळीत साधारण बारा ते सोळा रूम येतात.

कापडाची बाजू सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हॉटेल प्रत्येक रूममागे चादर-टॉवेलचे निदान तीन संच ठेवतं. एक रूममध्ये, एक लॉन्ड्रीत, एक कपाटात. हाउसकीपिंगवाले याला ‘तीन पार’ म्हणतात, आणि आमच्या ऑर्डरी याच पारावर ठरतात. अनेक शहरी हॉटेलांची लॉन्ड्री बाहेर असते आणि कपडे न्यायची गाडी ठरलेल्या वेळी येते. दुपारी चारला उतरवलेली चादर त्या गाडीत जात नाही, ती दुसऱ्या दिवसावर जाते. अशा रूम वाढल्या की कपाटातला संच कमी पडतो. म्हणजे लेट चेकआउटचा भार रिसेप्शनपेक्षा लिननच्या खोलीत आणि हाउसकीपिंगच्या पाळीवर जास्त पडतो.

आता एक साधं गणित करू. शंभर रूमचं हॉटेल धरा. काल रात्री सत्तर भरलेल्या होत्या. त्यातले चाळीस जण आज निघणार आणि आज नवे चाळीस येणार. तीस रूम कालपासून स्वच्छ, तयार पडून आहेत. निघणाऱ्या चाळिसांपैकी तीस जणांनी चारपर्यंत थांबायचं म्हटलं तरी येणाऱ्यांतल्या तिसांना लगेच रूम मिळते. हॉटेलला फक्त दहा रूम वेळेत करायच्या उरतात. त्या दिवशी लेट चेकआउट हॉटेलला जवळजवळ फुकट पडतं, आणि मेंबर खूश.

त्याच हॉटेलात काल शंभरच्या शंभर रूम भरलेल्या होत्या असं समजा. चाळीस निघणार, चाळीस येणार, हाताशी एकही तयार रूम नाही. आता चारपर्यंत अडकलेली प्रत्येक रूम म्हणजे लॉबीत सामान घेऊन बसलेलं एक कुटुंब. सकाळची पाळी तोवर संपत आलेली असते. संध्याकाळी दोनच माणसं असतील आणि दहा रूम चारला हातात आल्या, तर प्रत्येकी चाळीस मिनिटांनी चारशे मिनिटांचं काम होतं. दोघांत वाटलं तरी शेवटची रूम तयार व्हायला सात वीस वाजतात. दोनची वेळ देऊन आलेल्या पाहुण्याला सात वीसला किल्ली मिळते, आणि बोलणी बहुधा त्या संध्याकाळच्या दोघांना खावी लागतात.

सगळ्या अटी या दोन दिवसांच्या फरकातून आल्या आहेत. सवलत देणं परवडतं की नाही हे हॉटेल किती भरलंय त्यावर ठरतं, आणि ते आदल्या संध्याकाळपर्यंत हॉटेललाही पक्कं माहीत नसतं.

‘हमखास’ आणि ‘उपलब्धतेनुसार’

हॉटेलांच्या मेंबरशिप तशा जुन्या. विमान कंपन्यांनी नेहमीच्या प्रवाशांचे मैल मोजायला सुरुवात केली आणि मागोमाग १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियटने आपापल्या योजना काढल्या. १९८७ मध्ये हिल्टन आलं. १९९९ मध्ये स्टारवुड कंपनीने आपली योजना आणली. वरच्या मेंबरांना दुपारी चारपर्यंत रूम ठेवू देण्याची तिची सवलत फिरत्या लोकांत फार नावाजली गेली. मॅरियटने २०१६ मध्ये स्टारवुड विकत घेतली तेव्हा जुन्या मेंबरांना मुख्य धास्ती होती ती चारची सवलत जाते की काय याची. ती राहिली, आणि आज मॅरियटच्या बॉनव्हॉय या योजनेत आहे.

मॅरियटची शिडी अशी. वर्षाला १० रात्री झाल्या की सिल्व्हर, २५ झाल्या की गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटेनियम. सिल्व्हरला लेट चेकआउट मागताना प्राधान्य मिळतं, वेळ ठरलेली नाही. गोल्डला दुपारी दोनपर्यंत, पण उपलब्धतेनुसार. प्लॅटिनम आणि त्यावरच्यांना चारपर्यंत हमखास. या ‘हमखास’लाही अपवाद आहे. रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलात प्लॅटिनमवाल्यालाही उपलब्धतेनुसारच मिळतं.

हा अपवाद का, ते वरच्या गणितावरून कळतं. शहरातल्या कामकाजी हॉटेलात पाहुणे संध्याकाळी येतात. कोणी सहाच्या विमानाने, कोणी दिवसभराची मीटिंग संपवून थेट आठला. चारला सुटलेली रूम सात वाजता दिली तरी कोणाचं अडत नाही. गोव्याच्या रिसॉर्टमध्ये उलटं असतं. सोलापुरातून रात्रीच प्रवासाला निघालेलं कुटुंब सकाळी आठला दारात हजर असतं, आणि शनिवारी सगळे एकदम येऊन रविवार-सोमवारी सगळे एकदम निघतात. कन्व्हेन्शन हॉटेलात एक परिषद संपते त्याच दिवशी दुसरी सुरू होते, दोनशे रूम एका दुपारी बदलतात. तिथे ‘हमखास’ म्हणणं हॉटेलला झेपणारच नाही. त्यामुळे गोव्याला मिळालेला नकार अपमान समजू नये.

हयातच्या योजनेत मला एक गोष्ट आवडते. तिथे वर्षाला फक्त १० रात्रींच्या पहिल्या पायरीपासूनच दुपारी दोनची वेळ दिली आहे, ३० रात्रींच्या पायरीलाही दोनच, आणि ६० रात्रींच्या ग्लोबलिस्टला चार. रिसॉर्टमध्ये इथेही उपलब्धतेनुसार. हॉलिडे इन ज्यांच्याकडे आहे त्या आयएचजीच्या मेंबरांना दोनपर्यंतची सवलत उपलब्धतेनुसार मिळते. हिल्टनमध्ये तर बराच काळ सगळ्यांनाच उपलब्धतेनुसार मिळत होतं. कंपन्या हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला एकदा ॲपमध्ये आपल्या पायरीचं पान उघडून वाचावं. वाचताना वेळेच्या आकड्याआधी शेजारची अट बघावी. ‘चारपर्यंत, उपलब्धतेनुसार’ यापेक्षा ‘दोनपर्यंत, हमखास’ केव्हाही बरं. हमखास असेल त्यावर गाडीचं तिकीट काढता येतं. उपलब्धतेनुसार असेल त्यावर फक्त आशा ठेवता येते.

आपल्या गाड्यांना काय जुळतं

चार वाजेपर्यंतची सवलत मोठी, म्हणून सगळे तिच्या मागे लागतात. पण सोलापूरकराने आधी परतीच्या गाडीकडे बघावं.

वंदे भारत सीएसएमटीवरून दुपारी चारच्या सुमारास, चार पाचला सुटते. तुम्ही फोर्टात किंवा नरिमन पॉइंटला उतरला असाल तर चारची सवलत तुमच्या काहीच कामाची नाही. तुम्हाला हवे आहेत दोन. सकाळी दोन भेटी उरकायच्या, साडेबाराला रूमवर यायचं, अंघोळ करायची, बॅग भरायची, दोनला खाली उतरून जेवायचं आणि गाडी गाठायची. यासाठी ५० रात्रींची पायरी लागत नाही, हयातमध्ये दहा रात्रींची पुरते. अनेक हॉटेलं तर एकपर्यंतचा तास कोणीही नीट विचारलं तरी देतात.

पुण्याहून निघताना हिशेब बदलतो. हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी सहाला सुटते. चारला रूम सोडून स्टेशन गाठायला दोन तास मिळतात. ट्रॅफिक धरूनही ही वेळ मापात बसते, विशेषतः स्टेशनजवळच्या बंडगार्डन-मंगलदास रोडच्या पट्ट्यात उतरला असाल तर. हिंजवडीला असाल तर चारची वेळ हातात असूनही साडेतीनला निघावं. चार वाजेपर्यंतच्या सवलतीचा सोलापूरकराला खरा उपयोग कुठे असेल तर तो पुण्यात.

सिद्धेश्वरसाठी मात्र चारही कमी पडतात. साडेसहा तास तरीही उरतात. तिथे उपयोग एवढाच की दुपारच्या उन्हाचे तास रूममध्ये निघतात, आणि पुढच्या भेटीला माणूस ताजा होऊन जातो. बॅग हॉटेलच्या क्लोक रूममध्ये ठेवता येते, त्याला मेंबरशिप लागत नाही. रात्री गाडीच्या आधी परत येऊन तोंड धुवायचं असेल तर जिम किंवा पूलजवळची चेंजिंग रूम वापरू द्याल का, असं आधीच विचारून ठेवावं. बरीच हॉटेलं हो म्हणतात.

दुसरं टोक या चर्चेत कायम मागे राहतं. जाताना सिद्धेश्वर मुंबईला सकाळी सातच्या आतच पोचवते आणि हॉटेलचं चेकइन दोनला असतं. तेव्हा हवं असतं लवकर चेकइन, आणि ते मोठ्या योजना सहसा हमखास देत नाहीत. कारण पुन्हा तेच. सकाळी सातला रूम द्यायची तर ती काल रात्री रिकामी असायला हवी. उशिरा सोडण्याचे तास उद्याच्या पाहुण्याकडून उसने घेता येतात, लवकर येण्याचे तास कालच्या रात्रीतूनच काढावे लागतात. सकाळी पोचणाऱ्याने म्हणून लेट चेकआउटच्या पायरीसाठी फार झुरू नये. स्टेशनवरच्या रिटायरिंग रूम बारा तासांसाठीही मिळतात, आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून बुक होतात. पहाटेच्या अंघोळीपुरतं ते पुष्कळ आहे.

चोवीस तासांची पाटी

सोलापूर स्टेशनसमोर, एसटी स्टँडच्या आसपास, तसंच अक्कलकोटला, तुळजापूरला अनेक लॉजवर ‘२४ तास चेकआउट’ अशी पाटी दिसते. रात्री नऊला आलात तर दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत रूम तुमची. मेंबरशिप नाही, पायरी नाही, विचारावंही लागत नाही.

मॅरियटच्या शिडीवर सगळ्यात वर ॲम्बॅसिडर नावाची पायरी आहे. तिला वर्षाला १०० रात्री आणि वर २३,००० डॉलरचा खर्च लागतो. या पायरीची एक खास सवलत म्हणजे ‘युअर२४’. तुम्ही कितीही वाजता या, तिथून चोवीस तासांनी रूम सोडा. तीसुद्धा आधी कळवून आणि हॉटेलला जमत असेल तरच. आपल्याकडच्या लॉजवाल्याने भाविकांची गरज ओळखून जी सोय साध्या भाड्यात सगळ्यांना दिली, ती जगातली एक मोठी हॉटेल कंपनी सर्वांत वरच्या गिऱ्हाइकापुरती राखून ठेवते. मला आपल्या लॉजवाल्यांचा यात खरा अभिमान वाटतो.

लॉजला हे जमतं कसं? रूम कमी असतात, वीस-पंचवीस. भाविक दिवसा-रात्री कधीही येतात, कोणी पहाटेच्या दर्शनासाठी मध्यरात्रीच पोचतो. त्यामुळे सगळ्या रूम एकाच वेळी सुटत नाहीत, दिवसभर एक-दोन करत सुटतात, आणि रूम बॉय त्या त्या वेळी आवरतो. तीनशे रूमच्या हॉटेलात हे केलं तर कोणत्या पाळीला किती माणसं लावायची हेच ठरवता येणार नाही. चोवीस तासांच्या पद्धतीला एक गैरसोयही आहे. पहाटे पाचला आलेल्याला दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच उठून निघावं लागतं, नाहीतर पुढच्या दिवसाचं भाडं लागतं. त्याला बाराची ठरलेली वेळच सोयीची असते. म्हणून लॉजवर उतरताना रजिस्टरमध्ये किती वाजले लिहिले ते बघून घ्यावं.

काही दिवस मात्र कोणतीच पाटी आणि कोणतंच कार्ड चालत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारी गर्दी, आषाढी-कार्तिकीला पंढरपूर. तेव्हा रूम मिळाली यातच समाधान मानायचं.

यासाठी किती खर्च करावा

इथे मात्र मी ठाम आहे. लेट चेकआउटसाठी महाग हॉटेल घेऊ नका.

बहुतेक हॉटेलं मेंबर नसलेल्यालाही उशिरा थांबू देतात, पैसे घेऊन. संध्याकाळी सहापर्यंत साधारण अर्ध्या दिवसाचं भाडं आणि सहानंतर पूर्ण दिवसाचं, हा सर्रास चालणारा रिवाज आहे. समजा एका हॉटेलात तुम्हाला चारची हमखास सवलत आहे आणि भाडं आहे ९,००० रुपये. शेजारचं साधं, स्वच्छ हॉटेल आहे ४,५०० चं, तिथे तुमची काही मेंबरशिप नाही. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरच्या रूमवर १८ टक्के आहे. पहिल्या हॉटेलचं बिल १०,६२० झालं. दुसऱ्यात मूळ ४,५०० आणि अर्ध्या दिवसाचे २,२५० मिळून ६,७५०, त्यावर ५ टक्के धरून ७,०८७ रुपये ५० पैसे. तिथे रूम चारऐवजी सहापर्यंत मिळाली आणि साडेतीन हजार रुपये वाचले. व्यापाऱ्याने जीएसटी नंबर देऊन बिल घेतलं आणि टॅक्सचं क्रेडिट वजा केलं, तरीही फरक सव्वादोन हजारांचा राहतो.

ज्याला कंपनीच्या खर्चाने एकाच हॉटेल-साखळीत राहायचंच आहे, त्याची गोष्ट वेगळी. रात्री आपोआप जमतात, त्या वाया घालवू नयेत. एकाच माणसाच्या नावाने, एकाच साखळीत जमवाव्यात. दोघे भाऊ आळीपाळीने जात असतील आणि दोघांचे वेगळे नंबर असतील तर दोघेही दहाच्या खाली राहतात. आणि एका नावावर तीन रूम घेतल्या तर पॉइंट मिळतील, पण पायरीसाठी बहुतेक ठिकाणी रात्री मोजल्या जातात त्या स्वतः राहिलेल्या रूमच्याच. लेट चेकआउटही त्याच रूमला. सोबतच्या माणसाची रूम बाराला सोडावी लागते. दोघांचं सामान एका रूममध्ये आणलं की हा प्रश्न सुटतो.

क्रेडिट कार्डाची वाटही आहे. एचडीएफसी बँकेने मॅरियटबरोबर २०२३ मध्ये काढलेल्या कार्डावर सिल्व्हर पायरी आणि वर्षाला १० रात्रींची भर मिळते. म्हणजे गोल्डच्या २५ रात्रींसाठी प्रत्यक्षात पंधराच राहाव्या लागतात. अमेरिकन एक्सप्रेसच्या प्लॅटिनम कार्डावर त्यांच्या ठरावीक आलिशान हॉटेलांत चारची वेळ हमखास असते, पायरी कोणतीही असो. पण त्या कार्डाची वार्षिक फी आणि त्या हॉटेलांचं भाडं बघता, फक्त चार तासांसाठी ते कोणी घेऊ नये.

विचारायचं कसं आणि केव्हा

सर्वांत जास्त सवलती बुडतात त्या बुकिंगच्या जागेमुळे. मेकमायट्रिप, गोआयबिबो, बुकिंग डॉट कॉम अशा ठिकाणाहून रूम घेतली की बहुतेक साखळ्या त्या रात्री तुमच्या खात्यात धरत नाहीत, आणि पायरीच्या सवलती द्यायलाही बांधील राहत नाहीत. दोनशे-तीनशे रुपयांच्या कुपनासाठी हक्काची वेळ जाते. लेट चेकआउट हवं असेल तर बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर करावं आणि मेंबरशिप नंबर टाकावा.

तुमची सवलत हमखास असेल तर चेकइन करतानाच सांगून टाका. उपलब्धतेनुसार असेल तर सगळ्यात चांगली वेळ आदल्या रात्री आठ-नऊची. उद्या कोण येतंय, किती रूम मोकळ्या आहेत, हे तेव्हा रिसेप्शनला दिसू लागलेलं असतं, आणि हाउसकीपिंगची उद्याची यादी अजून बदलता येते. सकाळी पावणेबाराला खाली येऊन मागितलं तर त्याच समोरच्या माणसाला नाही म्हणावं लागतं, कारण तुमची रूम कोणाच्या तरी नावावर आधीच गेलेली असते.

आणि मोघम मागू नका. ‘थोडा उशीर चालेल का’ यावर उत्तर बहुधा ‘बघतो सर’ असं येतं. त्याऐवजी, ‘मॅडम, उद्या चारची वंदे भारत आहे. रूम दोनपर्यंत मिळाली तर फार बरं होईल. दोन शक्य नसेल तर दीड तरी?’ असं विचारलं की समोरच्याला ठरवायला सोपं जातं. कारण खरं असावं, वेळ नेमकी असावी. शुक्रवार-शनिवारी शहरातली कामकाजी हॉटेलं तुलनेने मोकळी असतात, तिथे जास्त मागायला हरकत नाही. मंगळवार-बुधवारी, किंवा शहरात मोठं प्रदर्शन असताना, कमीच मागावं.

हो मिळालं की दोन गोष्टी करून घ्या. कॉम्प्युटरवर नोंद करायला सांगा, म्हणजे दुपारी पाळी बदलली तरी नव्या माणसाला माहीत असेल. आणि किल्लीचं कार्ड पुन्हा कोड करून घ्या. ते चेकआउटच्या वेळेपुरतंच चालतं. बारानंतर मार्केटमधून आलात आणि दारावर लाल दिवा लागला, तर बॅगा आत आणि तुम्ही बाहेर.

हाउसकीपिंगची बाई सकाळी यादी घेऊन मजल्यावर येते तेव्हा तुमच्या रूमपुढे दोनची वेळ लिहिलेली असते. त्याप्रमाणे ती आधी शेजारच्या रूम घेते आणि तुमची शेवटी ठेवते. काम लवकर उरकलं आणि तुम्ही साडेबारालाच निघालात, तर गुपचूप जाऊ नका, रिसेप्शनला फोन करून रूम मोकळी झाल्याचं सांगा. नाहीतर ती दोनपर्यंत त्या दारासमोर थांबते, आणि तिची पाळी तेवढी लांबते.